हवा आपल्या हाताची



आमच्या धामणगाव बढ्यात 'हातपंप' म्हटलं की माणसाला आधी हापशी आठवते. दांडा वरखाली केला की पाणी देणारी. आज मी ज्या पंपाबद्दल बोलणार आहे तोही दांडा वरखाली करूनच चालतो, पण तो पाणी देत नाही, हवा देतो. सायकलच्या चाकात हवा भरायचा साधा पंप. आणि त्याच्या जोडीला शहरातल्या दुकानांत आलेलं, मुठीत मावणारं गॅसचं नळकांडं. या दोघांतून कुणाला निवडावं, एवढाच आजचा विषय.

विषय लहान वाटेल. मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. यंत्रातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण सायकल माझ्या आयुष्यात बी. ए.च्या आधी आली, आणि कवितेच्याही आधी. शिवाय ज्या घरातली मुलगी सायकलवर शाळेत जाते, त्या घरात हा प्रश्न लहान नसतो. सकाळी चाक बसलेलं दिसलं की तिची त्या दिवसाची शाळा बुडालीच म्हणून समजा.

आमच्या मोताळा तालुक्यात चाक बसायला कारणं भरपूर. एक तर बाभूळ. शेताच्या कुंपणाला बाभळीची काटी लावतात. ती काटी बैलगाडीतून, आता ट्रॅक्टरमधून जाते आणि रस्त्यावर आपली निशाणी टाकत जाते. दुसरा सराटा. पावसाळा सरला, दिवाळीच्या सुमारास रान वाळायला लागलं, की सराट्याची फळं जमिनीवर पसरतात. कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. वैद्यलोक त्याला गोखरू म्हणतात, औषधात घालतात. अमेरिकेत हीच वनस्पती पोचली तेव्हा तिथल्या लोकांनी तिला 'पंक्चरची वेल' असं नाव दिलं. म्हणजे काट्याचा स्वभाव सगळीकडे एकच. आणि या दोघांशिवाय तिसरं कारण म्हणजे आपला आळस. हवा कमी असताना सायकल रेटत राहायची, मग खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी.

चाकात हवा भरायची कल्पना तशी फार जुनी नाही. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं 1845 मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. पुढे 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबराची हवाबंद नळी केली, आणि मग जगाची चाकं मऊ झाली. हा डनलॉप इंजिनिअर नव्हता. तो गुरांचा डॉक्टर होता. आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला ही गोष्ट ऐकून बरं वाटतं.

चाकात हवा आली तेव्हा तिच्या मागोमाग पंप आला. आपला पंप म्हणजे काय? एक नळी, आत एक दांडा, दांड्याच्या टोकाला चामड्याचं वाटीसारखं वायसर. दांडा वर ओढला की चामडं आकसतं आणि बाजूनं हवा आत येते. दांडा खाली दाबला की चामडं फुलून नळीला घट्ट चिकटतं आणि हवेला चाकाशिवाय दुसरी वाट उरत नाही. सगळी कारागिरी त्या रुपयाएवढ्या चामड्यात आहे. ते वाळलं की दांडा नुसता खुळखुळतो, हवा जात नाही. तेलाचे दोन थेंब सोडा, चामडं बोटानं थोडं पसरवा, पंप पुन्हा तयार.

आमच्या मोहल्ल्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे तासाच्या भाड्यानं सायकली मिळत. माझ्या पिढीतले अर्धे लोक त्याच भाड्याच्या सायकलींवर गुडघे फोडून शिकले. चाचा म्हणायचे, "पंप मरत नाही रे बाबा, त्याचं चामडं तहानतं." दुकानापुढे पाण्याचं घमेलं, त्यात बुडवलेली ट्यूब, आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायला वाकलेली आम्हा पोरांची डोकी. भोक सापडलं की काडेपेटीची एक काडी मोडून तिथं खोवायची, जागा घासायची, सोल्युशन लावायचं, थोडं वाळू द्यायचं आणि मग रबराचं ठिगळ. घाई केली की ठिगळ सुटतं, हे धैर्याचं पहिलं शिक्षण मला तिथं मिळालं.

अलीकडे 'पंक्चरवाला' हा शब्द काही लोक टोमण्यासारखा वापरतात. कुणाला उद्देशून वापरतात, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला इथं त्यावर भांडायचं नाही. एवढंच सांगतो, की आमच्या गावात शाळेचे मास्तर, पोस्टमन, दूधवाला आणि कपाशीच्या शेतावर निघालेला मजूर हे सगळे एकेकाळी त्या घमेल्यापुढे उभे राहिले आहेत, आणि वेळेवर पोचले ते त्या काळ्या झालेल्या बोटांमुळे. ज्या कामानं दुसऱ्याचा थांबलेला दिवस पुढे सरकतो, ते काम हलकं कसं असेल?

आता त्या नळकांड्याकडे येऊ. माझा एक भाचा पुण्याला नोकरी करतो. लांबलांबच्या सायकल फेऱ्या करायचा त्याला छंद आहे. गेल्या ईदला घरी आला तेव्हा त्यानं पिशवीतून अंगठ्यापेक्षा थोडं जाड, पोलादी, चकचकीत असं काही काढलं. म्हणाला, "मामू, ही हवा बघा. अर्ध्या मिनिटाच्या आत चाक टणक." त्यानं त्याला एक छोटं पितळी तोंड बसवलं, ते चाकाच्या व्हॉलवर धरलं आणि फिरवलं. फुस्स असा एक आवाज आला आणि खरंच चाक टणक झालं. अंगणात जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नळकांड्याला हात लावायला गेलो तर तो ओरडला, "मामू, हात नका लावू!" त्यावर दवासारखा पांढरा थर धरला होता.

ही काय जादू आहे ते मी नंतर समजून घेतलं. त्या नळकांड्यात असतो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या गोटीसोड्यातला गॅस. घरी सोडा करायच्या बाटलीला जी 8 ग्रॅमची नळकांडी लागतात, त्यांचंच हे थोरलं भावंड. सायकलसाठी बहुधा 16 ग्रॅमचं वापरतात. आत गॅस इतका दाबलेला असतो की त्यातला बराचसा द्रव होऊन बसतो. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 60 पट दाब त्या अंगठ्याएवढ्या पोलादात कोंडलेला असतो. तोंड उघडलं की द्रवाचा वायू होतो, आणि वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी झिरपून उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं, त्यातलाच हा प्रकार, फक्त फार जोरात. म्हणून नळकांडं बर्फासारखं गार पडतं. उलट आपला पंप हवा दाबतो, म्हणून तो गरम होतो. लहानपणी पंपाच्या नळीला बोट लावून चटका घेतलेला कुणाला आठवत असेल.

आता या नळकांड्याचा हिशेब मांडू. 16 ग्रॅम गॅस मोकळा सोडला तर साधारण 9 लिटर जागा व्यापतो. शर्यतीच्या सायकलचं चाक बारीक असतं, त्यात जेमतेम लिटरभर जागा. तिथं हा गॅस 100 पौंडांपर्यंत दाब देतो. आपल्या काळ्या सायकलचं चाक जाड. त्यात दोन लिटरांहून जास्त जागा असते. तिथं तोच गॅस 40 पौंडांच्या आसपास येऊन संपतो. म्हणजे एक चाक, एकदाच. ठिगळ नीट बसलं नसेल, काटा टायरमध्येच राहिला असेल, तर सगळा गॅस आकाशात आणि तुम्ही रस्त्यावर. पंपाचं तसं नाही. चुकलं तर पुन्हा मारा. दंड दुखेल, पण हवा संपणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त नवलाची वाटली. हा गॅस रबरात टिकत नाही. आपण ज्या हवेत श्वास घेतो ती ट्यूबच्या रबरातून अगदी सावकाश झिरपते. कार्बन डायऑक्साइड मात्र रबरात विरघळतो आणि तिच्यापेक्षा कितीतरी पट लवकर बाहेर पडतो. भाच्याचं चाक दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ लागलं. पंक्चर नव्हतं, गॅसच निघून गेला होता. जाणकार सायकलस्वार म्हणूनच सांगतात, की रस्त्यात गॅस भरला तर घरी पोचल्यावर तो सोडून द्या आणि पंपानं साधी हवा भरा. म्हणजे शेवटी पंप लागतोच.

तिसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात मलकापूरकडे पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. या नळकांड्यातला द्रव 31 अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही, आणि पुढे जसा उन्हाळा वाढेल तसा आतला दाब चढत जातो. ही नळकांडी साधारण 50 अंशांच्या वर तापू देऊ नयेत अशी सूचना बनवणारे देतात. पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात लावलेल्या मोटारीत तेवढी उष्णता सहज होते. तेव्हा घरात नळकांडं ठेवायचंच असेल तर सावलीत, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं.

चौथी गोष्ट व्हॉलची. आपल्या गावातल्या बहुतेक जुन्या सायकलींना जो व्हॉल असतो, त्यात पितळेची एक खिळी आणि तिच्यावर चढवलेली बारीक रबरी नळी असते. हवा आत जाताना ते रबर बाजूला करते, आतली हवा मग तेच रबर दाबून दार लावून घेते. ते रबर कुजलं की पंक्चर नसतानाही चाक बसतं, आणि दोन रुपयांच्या तुकड्यानं काम भागतं. गॅसच्या नळकांड्याची तोंडं मोटारसायकलसारख्या व्हॉलसाठी आणि शर्यतीच्या सायकलच्या बारीक व्हॉलसाठी केलेली असतात. आपल्या जुन्या व्हॉलवर ती नीट बसतीलच याची खात्री नसते. घेण्याआधी आपल्या चाकाचा व्हॉल पाहावा, एवढं तरी करावं.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग नळकांडं वाईटच म्हणा. तसं मी म्हणणार नाही. ज्याच्यासाठी ते केलं आहे त्याला ते वरदान आहे. माझा भाचा ज्या फेऱ्या करतो त्यांना ब्रेव्हे म्हणतात. फ्रान्समधून आलेली ही पद्धत. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत, आणि वाटेत दुरुस्ती आपली आपण करायची. मध्यरात्री घाटात, पावसात, हात गारठलेले असताना पंक्चर झालं तर तीनशे वेळा छोटा पंप मारण्यापेक्षा एक नळकांडं फोडणं सोयीचं. तो मात्र दोन्ही बाळगतो. नळकांडं वेळ वाचवायला आणि पंप घरी पोचायला, असं तोच म्हणतो.

आपल्या महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांनी मोठी नावं कमावली आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीनं पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती एकट्यानं पूर्ण केली. या शर्यतीत मागे गाडी असते, माणसं असतात. तिथं मिनिटाला किंमत असते. तिथल्या निवडीचं गणित वेगळं.

पण मला राहून राहून आठवतात ते मुंबईचे पारशी तरुण. 15 ऑक्टोबर 1923 ला सहाजण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे फेरी पुरी करून 18 मार्च 1928 ला मुंबईत परतले. साडेचार वर्षांत सुमारे 71,000 किलोमीटर. वाळवंटं, डोंगर, जंगलं. त्यांच्या हातात आजची नळकांडी दिली असती तरी ती पहिल्या काही दिवसांत संपली असती, आणि वाळवंटात नवीन कुठून आणणार? इतक्या लांबच्या वाटेवर तेच साधन उपयोगी पडतं ज्याचा खुराक वाटेतच मिळतो. पंपाचा खुराक म्हणजे हवा आणि आपला दंड. दोन्ही सगळीकडे मिळतात.

आमच्या गावातल्या मुलीची वाट तेवढी लांब नाही. तीन किलोमीटर, चार किलोमीटर. पण तिच्यासाठी ती तितकीच अवघड असू शकते. बिहार सरकारनं 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सायकलमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, असं त्यांना आढळलं. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलची योजना झाली. सकाळी रस्त्यानं दप्तर पाठीला लावून चाललेल्या पाच-सहा मुलींची रांग पाहिली, की मला एखादी चांगली ओळ सुचल्यासारखं वाटतं.

पण सायकल घरात आली म्हणजे पंपही आला, असं नसतं. आणि इकडे गावातलं चित्र बदललं आहे. मोटारसायकली वाढल्या, भाड्याच्या सायकली गेल्या, घमेल्याची दुकानं कमी झाली. उरली ती मोठ्या रस्त्यावर, कॉम्प्रेसर लावून. ती उघडतात उशिरा. शिवाय कॉम्प्रेसरची हवा ट्रकच्या चाकासाठी असते. सवय नसलेल्या हातानं सायकलला लावली तर ट्यूब फुटायला वेळ लागत नाही. मध्यंतरी आमच्या गल्लीतली एक मुलगी सकाळी सकाळी दारात आली. म्हणाली, "चाचा, तुमच्या घरी पंप हाय न? मले हवा भरून द्या न, पेपर हाय माझा." मी पंप आणला आणि भरायला लागलो. तिनं माझ्या हातातून दांडा घेतला. "राहू द्या चाचा, तुम्हाले दम लागते." मग तिनंच भरली, पन्नास-साठ वेळा दांडा मारून. अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं आणि निघाली.

तिच्या जागी नळकांडं असतं तर? एक नळकांडं फुटलं असतं, एक पेपर झाला असता. दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ, आणि दुसरं नळकांडं आणायला गावात दुकान नाही. दोन-तीन नळकांड्यांच्या किमतीत एक साधा पंप येतो, तो दहा वर्षं पुरतो, आणि रिकाम्या पोलादाचा कचराही मागे राहत नाही. निवड करायची तर ती माणसाची गरज पाहून करावी. ज्याला एखाद्या रात्री वेळ गाठायची आहे, त्यानं नळकांडं खिशात ठेवावं. जिला रोज शाळा गाठायची आहे, तिच्या घरी पंपच हवा.

माझी एक छोटी सूचना आहे. मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी, महिला बचत गटांनी ती ऐकावी. ज्या शाळेत दहा मुली सायकलवर येतात, त्या शाळेत एक उभा पंप असावा. पायानं दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी मारायचा, तो. त्याच्याजवळ एक घमेलं, थोडी ठिगळं, सोल्युशनची एक ट्यूब, टायर काढायचे दोन पाने आणि व्हॉलच्या रबराचे काही तुकडे. सगळं एका लहान डब्यात मावतं. आणि एखाद्या शनिवारी गावातल्या जुन्या कारागिराला सन्मानानं शाळेत बोलवावं. त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि त्यानं मुलामुलींना पंक्चर काढायला शिकवावं. मुलींना आधी. मुलींच्या बोटांना सोल्युशन लागलं तर लागू द्यावं, ते रॉकेलनं निघतं.

घरी ज्यांच्याकडे जुना पंप माळ्यावर पडला असेल, त्यांनी तो आजच खाली काढावा. दांडा ओढून पाहावा. खुळखुळला तर चामड्याला तेलाचे दोन थेंब द्यावेत. आणि मग शेजारच्या मुलीला सांगून ठेवावं, की पंप इथं आहे, केव्हाही ये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)